विजेचा जमाखर्च

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या घरी एक छोटासा प्रसंग घडला. माळ्यावरच्या ट्रंकेतून आमच्या सौभाग्यवतीने जुनी दिव्यांची माळ काढली. चाळीस बारीक दिवे, हिरव्या वेष्टनाच्या दोन तारा, आणि एवढ्या वर्षांनंतरही तिला येणारा ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास. माळ गॅलरीत बांधून झाली, बटण दाबले, पण एकही दिवा लागला नाही.

आमचा नातू पुण्यातच इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तोही विजेच्या शाखेला. त्याने माळेकडे पाहून लगेच निदान केले.

“आजोबा, सगळे सिरीजमध्ये आहेत. एक गेला की चाळीसही गेले. टाकून द्या ही, नवी आणू.”

“कोणता गेला ते शोध की!” मी म्हटले.

“शोधता येईल, पण वेळ कोणाला आहे? दिवाळीनंतर सर्किटचा पेपर आहे. आणि खरं सांगू? ती गणितं संगणक क्षणात सोडवतो. तीच आम्ही पानंच्या पानं हाताने का सोडवायची, हे मला अजून कळलेलं नाही.”

त्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. त्याच्या वयाचा असताना हाच प्रश्न मीही विचारला होता. फक्त माझ्या वेळी संगणकाच्या जागी गणिताची सरकपट्टी, म्हणजे स्लाइड रूल होता. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करणाऱ्या आपल्या घरांत विजेच्या या जमाखर्चाची गोष्टही एकदा सांगावी, असे तेव्हापासून मनात होते. ती ही गोष्ट.

मी १९६२ साली दुसऱ्या वर्षाला होतो. मुळा आणि मुठा जिथे मिळतात त्या संगमाशेजारी आमचे कॉलेज. काळ्या दगडाच्या त्या इमारतीत पाऊल टाकले की आपण फार जुन्या घरात आलो आहोत असे वाटे, आणि ते खोटेही नव्हते. या संस्थेची सुरुवात १८५४ सालची. त्या वेळी तिचे नाव ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ असे होते. आदल्याच वर्षी मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली होती. रूळ, पूल, कालवे, धरणे यांची कामे निघाली होती आणि त्यांवर देखरेख करायला सरकारला हाताखालची माणसे हवी होती. ती तयार करण्यासाठी हा वर्ग निघाला. साहेबाने आखावे आणि आपल्या माणसाने ते बांधून घ्यावे, अशी कामाची वाटणी होती. ‘कसे’ एवढे आपल्याला शिकवायचे. ‘का’ हा प्रश्न मात्र साहेबाकडे राखून ठेवलेला. पण शिक्षणाला असा बांध फार दिवस घालता येत नाही. पुढे वर्गाचे कॉलेज झाले, मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले, काही काळ ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखले गेले, १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ झाले, आणि २०२२ पासून तर ते स्वतःच विद्यापीठ आहे.

या कॉलेजातून १८८३ साली एक म्हैसुरी विद्यार्थी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या चढउताराबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी बसवले, ते १९०३ साली. शंभरीला पोचून ते वारले १९६२ च्या एप्रिलात, म्हणजे मी कॉलेजात असतानाच. देखरेख करणारी माणसे तयार करायला काढलेल्या शाळेने आखणारा माणूस दिला होता, याचा आम्हा मुलांना कोण अभिमान!

पण त्या वेळी कॉलेजात मुख्य विद्या बांधकामाची. विजेच्या पदवीचा अभ्यासक्रम पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकात आला. गंमत अशी की, ज्या १८८३ साली विश्वेश्वरय्या पुण्यात परीक्षा देत होते, त्याच साली पॅरिसमध्ये लेऑन शार्ल तेव्हनाँ नावाच्या तारखात्यातल्या एका इंजिनियराने एक सिद्धांत छापला. आज सर्किट शिकणारा प्रत्येक मुलगा त्या सिद्धांताशी झटतो. तेव्हनाँचे म्हणणे थोडक्यात असे: तारांचे जाळे कितीही गुंतागुंतीचे असो, त्यातून बाहेर काढलेल्या दोन टोकांपुरते पाहिले तर ते सगळे जाळे म्हणजे एक विजेचा उगम आणि त्याच्या मागोमाग एक रोध, एवढेच समजायला हरकत नाही. घरात माणसे किती, भांडणे किती, हे दारावर आलेल्या दूधवाल्याला कळण्याचे कारण नाही. घर किती दूध घेते आणि पैसे देताना किती खळखळ करते एवढे त्याला कळले की पुरे! हीच गोष्ट तीस वर्षे आधी, १८५३ मध्ये, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या शरीरातील विजेचा अभ्यास करताना सांगितली होती. पण तारखात्याच्या लोकांना स्नायूंवरचे निबंध वाचायला सवड कुठली?

या साऱ्याचा पाया मात्र त्याहून जुना. गेओर्ग ओहम हा कलोनच्या शाळेतला मास्तर. दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण त्याने १८२७ च्या पुस्तकात मांडले. स्वदेशात त्याचे फारसे स्वागत झाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला मानाचे पदक दिले, ते चौदा वर्षांनी. त्यानंतर १८४५ मध्ये क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या गुस्टाफ किरखोफने दोन नियम सांगितले. किरखोफ तेव्हा विद्यार्थीच होता, हे मला फार उशिरा कळले. आम्ही त्याला ‘किर्चॉफ’ म्हणत असू आणि तो कोणी पांढऱ्या दाढीचा म्हातारा असावा अशा धाकाने त्याचे नियम पाठ करत असू. आपल्याच वयाच्या एका मुलाने अभ्यास म्हणून केलेले काम आपण शिकतो आहोत, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर अर्धी भीती गेली असती.

आमचे सर शिकवत इंग्रजीतून, पण वर्गाची तोंडे कोरी दिसली की खडू खाली ठेवून मराठीत बोलू लागत. किरखोफचा पहिला नियम त्यांनी असा सांगितला: “नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं. भुयारी नळ, वाटेत उसासे, आणि पेठांमधून हौद. आता भरून वाहणारा एखादा हौद डोळ्यांसमोर आणा. जेवढं पाणी नळातून आत येतंय तेवढंच पुढच्या वाटांनी बाहेर पडतंय. मधे कोणी चोरलं नाही तर येणं तितकंच जाणं. तारांच्या सांध्यावर विजेचंही तेच. सांध्याला पोट नसतं. तो काही साठवून ठेवत नाही.”

आणि दुसरा नियम: “पर्वतीवर पायऱ्यांनी चढा, मागल्या बाजूने उतरा, वळसा घालून पुन्हा पायथ्याच्या पहिल्या पायरीवर या. किती चढलात आणि किती उतरलात त्याची बेरीज-वजाबाकी करा. बाकी शून्य! सर्किटमध्ये कोणत्याही वाटेने फेरी मारून निघालात तिथे परत या. दाबाची बाकी शून्यच आली पाहिजे. नाही आली तर निसर्ग चुकलेला नाही, तुम्ही चुकलात.”

हे शेवटचे वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवले आहे.

हे दोन नियम कळले म्हणजे बाकीचे सर्किट म्हणजे वाण्याची खतावणी. प्रत्येक सांध्याचे एक समीकरण, प्रत्येक फेरीचे एक समीकरण. मांडा आणि सोडवा. मी ते आनंदाने करू लागलो. पण बॅटरीची सरळ वीज संपून घरात येणारी उलटसुलट वीज सुरू झाली आणि माझे ग्रह फिरले. ही वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते. गुंडाळलेल्या तारेतून, म्हणजे कॉइलमधून जाताना तिचा प्रवाह दाबाच्या पाव हेलकावा मागे रेंगाळतो. सहामाही परीक्षेत प्रश्न आला: तीन ओहमचा रोध आणि चार ओहमचा कॉइलचा अडथळा एकापुढे एक जोडले, तर एकूण अडथळा किती? मी बिनदिक्कत लिहिले, सात! उत्तर पाच होते. त्या पेपरात मी नापास झालो. घरी पत्र लिहायला चार दिवस धीर झाला नाही.

सरांनी बोलावले. रागावले नाहीत. म्हणाले, “गवंडी भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे कसं बघतो ठाऊक आहे? एका बाजूला तीन हात मोजतो, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं पाच भरलं तर कोपरा बरोबर. हे कॉलेज सुरू झालं तेव्हा इथे पहिल्यांदा हेच शिकवत असतील. तुझे तीन आणि चार एका रेषेत नाहीत, काटकोनात आहेत. ते तू एका रेषेत मोजलेस.”

मग त्यांनी मला उणे एकच्या वर्गमुळाची भीती घालवून दिली. उणे एकला वर्गमूळ कसे असेल, याच विचारात मी अडकून पडलो होतो. सर म्हणाले, “त्याला संख्या म्हणू नकोस, हुकूम म्हण. ‘जे’ म्हणजे ‘डावीकडे वळ.’ एकदा वळलास, काटकोनात आलास. आणखी एकदा वळलास, तोंड बरोबर उलट दिशेला झालं. दोनदा ‘जे’ म्हणजे उणे एक. यात काल्पनिक काय आहे? एन्सीसीच्या परेडला तू रोज करतोस!”

ही युक्ती विजेच्या कामात पहिल्यांदा ज्यांनी आणली त्यांत एका माणसाचे नाव ऐकून वाचकांना नवल वाटेल. आर्थर एडविन केनेली यांचा जन्म १८६१ साली मुंबईचा, तोही कुलाब्याचा. वडील तिथे बंदराच्या नोकरीत होते. आई गेल्यावर अगदी लहानपणीच हा मुलगा परत विलायतेला गेला, शाळा संपताच तारेच्या नोकरीत शिरला, पुढे अमेरिकेत एडिसनच्या हाताखाली काम केले आणि अखेर हार्वर्डला प्राध्यापक झाला. विद्यापीठाची रीतसर पायरी न चढलेल्या या माणसाने १८९३ मध्ये अडथळ्याच्या या काटकोनी गणितावर निबंध वाचला. त्याच वर्षी शिकागोच्या विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ या जर्मनीतून परागंदा झालेल्या, पाठीला कुबड असलेल्या गणित्याने तीच रीत अधिक विस्ताराने मांडली. त्याआधी ज्या प्रश्नांना कलनशास्त्राची पानेच्या पाने लागत, ते साध्या बेरीज-गुणाकारावर आले. केनेलींनीच १८९९ मध्ये त्रिकोणात जोडलेल्या तीन रोधांचे ताऱ्यात रूपांतर करण्याचे सूत्र दिले. त्रिकोणातले तिन्ही रोध नऊ-नऊ ओहमचे असतील, तर त्यांच्या जागी तीन-तीन ओहमचा तारा बसवला तरी बाहेरच्या जगाला फरक कळत नाही. कुलाब्यात जन्मलेल्या माणसाचे सूत्र आम्ही पुण्यात परदेशी म्हणून घोकत होतो!

इथवरची गोष्ट डोक्याची झाली. पण विजेच्या जमाखर्चाची एक बाजू मला पुस्तकात दिसली नव्हती. ती वसतिगृहात दिसली.

माझ्या खोलीतला मित्र मुळशीकडचा होता. एका रात्री मी गणिताची आकृती काढत होतो. सर्किटमध्ये विजेचा उगम दाखवायचा तर एक लहानसे वर्तुळ काढतात आणि त्यात एक लाट. मी ते वर्तुळ काढले. मित्र खांद्यावरून बघत होता. तो सहज म्हणाला, “तुझ्या त्या वर्तुळात आमचं गाव आहे.”

मी हसलो. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि थांबलो.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि ते कोकणात सोडून वीज करायची ही टाटांची योजना. लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुराविना चालणारी शक्ती मिळाली. पुढे मुळशीला मुळा नदीवर धरण ठरले. पूर्वेला पुण्याकडे वाहणारे पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवायचे आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पाडायचे. इंजिनियरच्या डोळ्यांना हे चित्र सुंदर दिसते, मलाही दिसते. पण धरणाच्या पोटात मावळ्यांची पन्नासाच्या आसपास गावे आणि भाताची खाचरे होती.

१९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. हा माणूस यंत्राचा शत्रू नव्हता. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेलेला तो बुद्धिमान विद्यार्थी होता. पारतंत्र्याविरुद्ध बोलला म्हणून ती शिष्यवृत्ती गेली. यंत्र म्हणजे काय हे समजणारा माणूस शेतकऱ्यांबरोबर बांधावर उभा राहिला, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळले. सावकारांना मोबदला पुरत होता. कुळांना जमीन हवी होती. लढा मोडला. १९२४ मध्ये बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची आगगाडी आली आणि १ जून १९३० ला ‘डेक्कन क्वीन’ धावली. त्या गाडीचे कौतुक माझ्या वडिलांच्या तोंडून मी शंभरदा ऐकले होते. मुळशीचे नाव त्यांच्या तोंडून एकदाही ऐकल्याचे आठवत नाही.

मित्राचे आजोबा जमीन गेल्यावर दुसऱ्याच्या शेतावर राबले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते काठावर जाऊन बसत आणि आपले शेत कुठे होते ते बोटाने दाखवत. त्यांचा नातू वीजच शिकायला आला होता. मी त्याला विचारले, “तुला राग नाही येत?”

तो म्हणाला, “येतो. म्हणून तर शिकतोय. आजोबांना कोणी हिशेब दाखवला नाही. मला तो वाचता आला पाहिजे.”

वाचकहो, नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मला याहून चांगले देता येणार नाही. संगणक गणित सोडवतो यात शंकाच नाही. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात नेगल आणि पेडरसन यांनी ‘स्पाइस’ नावाची आज्ञावली तयार केली. ज्या सर्किटला आम्हाला आठवडा लागला असता ते ती क्षणात सोडवू लागली, आणि आजच्या मुलांच्या हातात तिचीच वंशावळ आहे. पण तिच्या पोटात कोण बसले आहे? तोच एकवीस वर्षांचा किरखोफ. येणे तितकेच जाणे. संगणक बेरीज करतो. तीन आणि चार एका रेषेत आहेत की काटकोनात, हे त्याला आपण सांगायचे असते. आणि वर्तुळाच्या आत काय आहे, हे तर तो विचारतही नाही. उगमाचे वर्तुळ कागदावर काढणे सोपे आहे. ते कशाच्या जिवावर भरले, याची नोंद वहीत कुठेतरी असावी लागते. १८५४ चा वर्ग ‘कसे’ शिकवायला निघाला होता. हाताने गणित सोडवणारा मुलगा कधीतरी ‘का’ पर्यंत पोचतो. नुसते उत्तर वाचणारा तिथवर पोचेलच असे नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नातू मीटर घेऊन गॅलरीत आला. बहुधा आजीने काही बोलले असावे! मी खुर्ची ओढून जवळ बसलो.

“आधी प्लग काढ,” मी म्हटले. “आणि मला सांग, एक दिवा तुटलाय, प्लग लावलेला आहे, तर इतर एकोणचाळीस दिव्यांवर दाब किती?”

तो थोडा थांबला. “प्रवाहच नाही. म्हणजे त्यांच्यावर शून्य.”

“मग घरातले दोनशेतीस व्होल्ट गेले कुठे? फेरीची बाकी शून्य यायला हवी.”

त्याने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे केले आणि एकदम वर पाहिले. “सगळे त्या एकट्यावर! जो विझलाय त्याच्या दोन टोकांत.”

“माळ पेटलेली असताना प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात. जो तुटतो त्याच्यावर सगळ्या घराचा दाब येऊन उभा राहतो, आणि तो काळा असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून त्याला आधी शोधायचं, आणि प्लग काढून शोधायचं.”

त्याने माळ मधोमध धरली. विसावा दिवा काढून एका बाजूची तार तपासली. ती सलग होती. मग उरलेली वीस निम्मी केली, मग दहा, मग पाच. सहाव्या खेपेच्या आत तो दिवा सापडला. इतरांसारखाच दिसणारा, आतली तार केसाएवढी तुटलेली. ट्रंकेच्या तळाशी कागदाच्या पुडीत दोन जादा दिवे होते. त्यांतला एक बसला.

माळ लागली. सौभाग्यवती पणत्या घेऊन बाहेर आली होती, ती क्षणभर उभी राहिली. नातू तो मेलेला दिवा तळहातावर घेऊन बघत होता.

मी त्याला मुळशीच्या मित्राची गोष्ट सांगितली ती तेव्हा. त्याने मधे एकदाही फोनकडे पाहिले नाही. गोष्ट संपल्यावर म्हणाला, “आजोबा, सुट्टी संपायच्या आत एकदा मुळशीला जाऊन येऊ या का?”

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. धरण भरलेले होते, पाणी स्वच्छ आणि संथ. काठावर पुण्याची मंडळी मोटारी लावून कणसे खात होती. मित्राच्या आजोबांचे शेत कुठे असेल ते मला सांगता आले नाही. पाण्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा नातवाने मोजल्या, आणि मग बराच वेळ तो तारांकडे न बघता खाली पाण्याकडेच बघत राहिला.